मार्गशीर्षातील हवा आणि शिवारातील चालणे

हिवाळ्याच्या आरंभीचे हवामान एका जागी ठरत नाही, आणि त्या दिवसांत मोकळ्या रानातून दूरवर जाण्याचा आनंद या न ठरण्यातूनच येतो, हे बर्फाळ देशांतील माणसाला सहज पटते. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड या देशांत लांब व अरुंद पट्ट्या पायांना जोडून सपाट किंवा हलक्या चढउताराच्या बर्फावरून स्वतःच्या बळावर मैलोन्‌मैल जाण्याची जुनी रीत आहे, तिला क्रॉस-कंट्री स्कीइंग म्हणतात. तीत उंच उतारावरून वेगाने खाली येण्याला महत्त्व नसते, टाच पट्टीला बांधलेली नसते, आणि पावले टाकण्याची रीत साध्या चालण्याच्या जवळची असते. हिवाळा सुरू होताना तेथील बर्फ पातळ असतो, तापमान शून्य अंशाच्या खाली-वर होत राहते, सकाळी भुसभुशीत असलेला बर्फ दुपारी ओला होतो आणि रात्री पुन्हा कडक होतो, त्यामुळे पट्टीच्या तळाला लावायचे मेण त्या दिवसाचे तापमान आणि बर्फाचे रूप पाहून निवडावे लागते. कोरड्या बर्फासाठी लावलेले मेण ओल्या बर्फात निकामी होते. कधी पकड सुटते, कधी तळाला बर्फाचे गोळे चिकटून पाऊल उचलेनासे होते. अशा दिवसांत जो रमतो तो जमिनीची अवस्था पायांनी ओळखायला शिकलेला असतो, आणि हे ओळखणे हाच त्याच्या आनंदाचा मोठा भाग असतो.

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत बर्फ पडत नाही, परंतु पायाखालची जमीन हवेबरोबर रूप पालटते हा अनुभव येथे बर्फाळ देशांइतकाच जुना आहे. बालाघाटच्या पठारावरील लातूर, अहमदपूर, उदगीर हा भाग असो किंवा मांजरा, मन्याड आणि गोदावरी यांच्या काठचा नांदेडचा प्रदेश असो, येथील बरीचशी जमीन दख्खनच्या काळ्या खडकाच्या झिजेतून तयार झालेली आहे. या मातीतील माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज पाणी शोषून फुगते आणि पाणी गेले की आक्रसते. म्हणून पावसानंतर हीच जमीन तळपायाला अशी चिकटते की चार पावलांत पायाला ढेकळाचे ओझे होते, आणि उन्हाळ्यात हीच जमीन हात जाईल एवढ्या भेगांनी फाटते. या दोन टोकांच्या मध्ये एक अवस्था येते, जिला शेतकरी वाफसा म्हणतो. माती फार ओली नाही आणि फार कोरडीही नाही, औताच्या फाळाला किंवा पायाला ती चिकटत नाही, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टोकरला तर फुटतो, अशा स्थितीला वाफसा आला असे म्हणतात. पेरणी आणि कोळपणी यांची वेळ त्यावर ठरते, आणि रानात पायी शिरायचे की बांधावरूनच मागे फिरायचे हेही त्यावरच ठरते. उत्तरेकडील स्कीपटू मेणाची निवड करताना ज्या प्रकारचा विचार करतो, तोच विचार लातूरचा शेतकरी एक ढेकूळ उचलून बोटांत चुरताना करतो, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. दोघांनाही कालच्या माहितीवर आज विसंबता येत नाही.

मराठवाड्यातील आरंभीचा हिवाळा अस्थिर का असतो, याचे कारण वाऱ्यांत आहे. नैर्ऋत्य मोसमी पाऊस ऑक्टोबरात माघारी गेल्यानंतर आकाश निवळते, जमिनीतील उष्णता रात्री अडथळ्याविना वर निघून जाते, उत्तरेकडून कोरडे वारे येऊ लागतात, आणि पहाटेच्या व दुपारच्या तापमानात पंधरा अंशांइतके अंतर पडते. याच महिन्यांत बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रे आणि चक्रीवादळे निर्माण होत असतात; त्यांच्यामुळे पूर्वेकडील दमट हवा मराठवाड्यापर्यंत पोहोचली की आभाळ येते, ढगांमुळे रात्रीची उष्णता अडून राहते, आणि दोन दिवसांपूर्वी हुडहुडी भरवणारी थंडी एकाएकी नाहीशी होते. २०२४ च्या नोव्हेंबरअखेरीस पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आलेल्या फेंगल चक्रीवादळानंतर महाराष्ट्रात डिसेंबरच्या आरंभी असेच ढगाळ व उबदार दिवस आले होते. त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ च्या नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, तर मराठवाड्यात अवकाळी पाऊसच झाला. आभाळ उघडल्यावर जमिनीत ओल असेल आणि वारा पडलेला असेल तर पहाटे धुई येते, म्हणजे जमिनीलगतचे दाट धुके उतरते, आणि ते सूर्य वर येईपर्यंत शिवारात टिकून राहते.

अशा हवेत शिवारातून चालणाऱ्याला एकाच वाटेवर रोज निराळे रान भेटते. निरभ्र रात्रीनंतर पहाटे ज्वारीच्या पानांवर दहिवर इतके असते की दोन ओळींमधून गेलेल्या माणसाचे कपडे पावसात भिजल्यासारखे ओले होतात. हरभऱ्याच्या पानांवर दवाबरोबर आम्ल साठते, त्याला आंब म्हणतात, आणि त्या पिकातून अनवाणी गेल्यास पायांची कातडी चरचरते. पूर्वी पहाटे हरभऱ्यावर स्वच्छ फडके फिरवून ती आंब टिपून घेत आणि पोटदुखीवर औषध म्हणून जपून ठेवत. सकाळ वर आली की पाण्याच्या पाटाशी हिवाळी पाहुणे असलेले धोबी पक्षी शेपटी हलवत फिरू लागतात, दाणा भरलेल्या ज्वारीवर भोरड्यांचे थवे उतरतात, आणि दहाच्या सुमारास तेच रान इतके तापते की अंगावरची घोंगडी खांद्यावर येते. ढगाळ दिवशी यातले काहीच घडत नाही: दव नसते, सावल्या नसतात, लांबचा आवाज जवळ आल्यासारखा वाटतो, आणि माळावरून बालाघाटाची कड निळी न दिसता करडी दिसते. असा दिवस कमी सुंदर आहे असे मानण्याचे कारण नाही. स्थिर हवेत चालणारा मनाने आपल्याच विचारांत राहू शकतो. बदलत्या हवेत त्याला सतत बाहेर पाहावे लागते, आणि स्वतःपासून थोडे बाहेर निघण्याची ही सक्ती माणसाला सुखकर वाटते, असे या आनंदाचे स्पष्टीकरण देता येते.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो आणि त्याला बगल देणे योग्य नाही. ज्या आभाळाखाली एखाद्याला प्रसन्न वाटते तेच आभाळ दुसऱ्याचे वर्ष बुडवू शकते. ढगाळ व दमट हवा टिकली की तुरीवर आणि हरभऱ्यावर घाटेअळी वाढते, धुई लांबली की तुरीचा फुलोरा गळतो, आणि काढणीला आलेल्या पिकावर अवकाळी पाऊस पडला तर खळ्यावरचे धान्य काळे पडते. अशा प्रदेशात हवेच्या लहरीपणाचा आनंद घेणे ही ज्याचे काही बुडत नाही त्याचीच चैन आहे, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे? उत्तर असे की, येथे हवेकडे सर्वांत बारकाईने पाहणारा माणूस तोच आहे ज्याचे पीक तिच्यावर अवलंबून आहे, आणि ज्याला काळजी असते त्याला आनंद नसतो हे गृहीत मुळातच चुकीचे आहे. पहाटे बांधावरून फेरी मारणारा शेतकरी फुलोरा तपासतो आणि त्याच फेरीत उगवतीकडे थांबून पाहतोही. या दोन गोष्टी त्याच्या मनात वेगळ्या कप्प्यांत नसतात. उलट, ज्याला शिवाराशी काही देणेघेणे नाही त्याचा आनंद पातळ राहतो, कारण त्याला ढग दिसतो, पण ढगाचा अर्थ दिसत नाही.

या भागातील लोकांनी ही एकत्र जाणीव एका सणात बांधून ठेवली आहे. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर, धाराशिव, नांदेडचा काही भाग आणि सीमेपलीकडचा बिदर या प्रदेशात वेळ अमावस्या साजरी होते, तिला बोलीत येळवस म्हणतात. त्या दिवशी घरे आणि बाजारपेठा ओस पडतात, लातूर जिल्ह्यात स्थानिक सुटी दिली जाते, आणि माणसे शिवारात जातात. कडब्याची कोप उभारून तिच्यात पाच पांडव म्हणून चुन्याने रंगवलेले दगड मांडतात, काळ्या आईची पूजा करतात, आणि ज्वारीच्या पिठाची आंबवलेली आंबील, बाजरीचे उंडे आणि हिरव्या शेंगांचे दाणे, पालेभाज्या व बेसन एकत्र शिजवून केलेली भज्जी असे जेवण रानातच होते. चांद्र पंचांगामुळे हा सण इंग्रजी तारखांत मागेपुढे सरकतो. तो २०२४ साली ११ जानेवारीला आणि पुन्हा ३० डिसेंबरला आला, तर २०२५ साली १९ डिसेंबरला. त्यामुळे कधी ज्वारी नुकती निसवलेली असते, कधी कणसात दाणा भरलेला असतो, कधी आभाळ स्वच्छ असते तर कधी झाकोळलेले. सण मात्र हवेची वाट पाहत नाही, आणि त्याची खरी थोरवी यातच आहे. याच पंधरवड्यात नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते, आणि तिच्या वाटेवरही थंडीत, धुक्यात पायी निघालेली माणसे असतात.

येळवशीचा आणखी एक विशेष असा की, त्या दिवशी शेताचे बांध आप्तेष्टांना, शेजाऱ्यांना, ओळखीच्या-अनोळखीच्या पाहुण्यांना खुले होतात. वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतात. नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानात सर्वांना फिरण्याचा हक्क दिला आहे, आणि जमीन गोठलेली किंवा बर्फाने झाकलेली असेल तेव्हा लागवडीच्या शेतांतूनही, ३० एप्रिल ते १४ ऑक्टोबर हा काळ वगळून, कोणालाही जाता येते. महाराष्ट्रात जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १४३ शेतकऱ्याला दुसऱ्याच्या बांधावरून आपल्या शेतात जाण्याचा रस्ता मागू देते, परंतु नुसत्या चालणाऱ्याला असा हक्क नाही. त्याला जे मिळते ते रूढीने आणि आपुलकीने मिळते. म्हणून ज्या वाटांवर ही रूढी चालते त्यांची स्थिती महत्त्वाची ठरते. दोन्ही बाजूंच्या शेतांनी खाऊन टाकलेले पाणंद रस्ते, तारेच्या कुंपणाने तुटलेल्या पायवाटा आणि कोपीच्या दारापर्यंत नेल्या जाणाऱ्या मोटारी यांमुळे सण टिकूनही त्यातील चालणे झपाट्याने कमी होत आहे. २०२१ साली राज्य शासनाने सुरू केलेली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना ट्रॅक्टर आणि शेतमालाच्या वाहतुकीचा विचार करते, आणि तो अगत्याचा आहे. पण रस्ता मोकळा करताना त्याच्या कडेने माणसाला आणि जनावराला चालता येईल एवढी मातीची पट्टी राखली, तर खर्च फारसा वाढणार नाही.

लातूर आणि नांदेडच्या ग्रामपंचायतींनी आपल्या शिवारातील निदान एक पाणंद अतिक्रमणातून सोडवून अशा रीतीने राखावी. आणि शहरात राहणाऱ्या, पण गावी शेत असलेल्या कुटुंबांनी येत्या येळवशीला वाहन वेशीपाशीच ठेवून, आभाळ असो वा ऊन, मुलांना सोबत घेऊन कोपीपर्यंतचे अंतर पायी जावे, आणि जाताना वाटेतले एक ढेकूळ त्यांच्या हातात देऊन वाफसा आहे की नाही हे त्यांनाच ठरवू द्यावे.