वयाला शोभेल असं

बाईच्या साजशृंगाराला वयाची अट आपल्याकडे फार जुनी नाही. जुनी अट होती ती नवऱ्याची. ऐंशीची सवाष्ण तोंडात दात नसले तरी हातभर हिरव्या बांगड्या, नाकात नथ आणि रुपयाएवढं कुंकू लावून मिरवायची. तिला हसणं तर दूरच, तिच्या हातून ओटी भरून घ्यायला सुना पुढे सरायच्या. त्याच वाड्यातल्या विशीच्या विधवेला मात्र आरसासुद्धा वर्ज्य होता. म्हणजे सुरकुत्यांचा शृंगाराशी संबंध नव्हता. शृंगार हा नवरा जिवंत असल्याचा दाखला होता.

ही अट धर्मग्रंथांनी नीट लिहून ठेवली. याज्ञवल्क्यस्मृतीने नवरा परगावी असलेल्या स्त्रीला अंगाची सजावट सोडायला सांगितलं. तंजावरच्या मराठा दरबाराच्या आश्रयाने अठराव्या शतकात त्र्यंबकयज्वन यांनी रचलेल्या ‘स्त्रीधर्मपद्धती’त पहाटेच्या स्नानापासून विधवेच्या आचारापर्यंत बाईचा सगळा दिनक्रम आखून दिला आहे.

म्हातारपण लपवण्याचा सल्ला मात्र आधी पुरुषाला मिळाला. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त केस काळे करण्याची कृती आहे: लोखंडी भांड्यात, लोहचूर्ण घालून, आंबट द्रावात धान्य शिजवायचं, ते डोक्याला लावून पानांनी बांधायचं. कारणही दिलं आहे. डोकं पांढरं असलं की हार, अत्तर, वस्त्रं काहीच शोभत नाही. हे सारं राजासाठी, अंतःपुरात सुख भोगता यावं म्हणून. पिकल्या केसांचा राजा रंग लावतो तो रसिक. बाईने तेच केलं तर म्हातारचळ.

ही विसंगती तपासायची रीत आमच्याच जिल्ह्यातल्या एका बाईने घालून दिली आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापलं गेलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी स्त्रीजातीवर जी चिखलफेक केली, तिला हे उत्तर होतं. ताराबाईंची युक्ती साधी आहे: बाईला लावलेला प्रत्येक नियम पुरुषाला लावून पाहायचा. नवरा मेल्यावर बायकोने केस द्यायचे, तर बायको मेल्यावर पुरुषाने दाढीमिशा उतरवून रानात का जाऊ नये?

सुधारणेने यातलं अर्धंच सोडवलं. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचं ठरवलं. केस राहिले; कुंकू बहुतेक घरांत परत आलं नाही. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारने इतर गावांनाही तसं आवाहन केलं. पहिल्या ठरावापासून दुसऱ्यापर्यंत १३२ वर्षं गेली. आणि घरात तर ती अट अजून आहेच. आम्ही देऊळगाव राजाचे लोक दर १२ जानेवारीला शेजारच्या सिंदखेड राजात जिजाऊंपुढे नतमस्तक होतो. १६६४ मध्ये शहाजीराजे गेल्यानंतरची दहा वर्षं त्या राजमाता म्हणूनच वावरल्या. त्याच महिन्यातल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र घरातली विधवा आजी आतल्या खोलीत बसलेली असते.

दरम्यान नवा सल्लागार आला तो बाजार. १९१९ मध्ये मुंबईत ‘अफगाण स्नो’ निघालं, १९५२ मध्ये ‘लॅक्मे’, १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’. या जाहिरातींतली बाई तरुणच असायची. पुढे म्हातारी बाईही गिऱ्हाईक आहे हे लक्षात आलं आणि प्रश्न बदलला. नवरा आहे का, हे कुणी विचारत नाही. वय दिसतं का, एवढंच विचारतात. हा बदल मोठा आहे, कारण बाजाराने विधवेलाही आरसा दिला. पण सवाष्णीचं जुनं सुखही त्याने काढून घेतलं. तिच्या सुरकुत्या आधी कुणी मोजत नव्हतं.

इथे ताराबाईंची कसोटी पुन्हा लावावी. ‘पन्नाशीनंतर भडक रंग नको’, ‘पांढरे केस झाका’, ‘बिनबाह्यांचं पोलकं शोभत नाही’ हे सल्ले साठीच्या पुरुषाला देऊन पाहा. बहुतेक तिथेच गळून पडतात. उरतो तो शरीराचा सल्ला, आणि तोच कुणी दिला नाही. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात दोन वयस्क स्त्रियांची नोंद केली. परकराची नाडी किंवा लुगड्याची गाठ वर्षानुवर्षं कमरेला काचून जखम झाली आणि तिथे त्वचेचा कर्करोग उद्भवला. टिकलीच्या डिंकातल्या रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडू शकतो, काळ्या कलपाची ॲलर्जी होऊ शकते, म्हणून तो आधी कानामागे लावून बघावा. गाठ सैल ठेवा, तिची जागा बदलत राहा, एवढं सांगायला किती शब्द लागतात? पण गाठ नीट आहे का, हे पाहण्याऐवजी पदर नीट आहे का, हेच आपण पाहत आलो.

म्हाताऱ्या बाईने नटावं की साधं राहावं, यावर मत देण्याची गरजच नाही. सत्तरीत जांभळी साडी नेसणारीला आणि डोकं पांढरं ठेवणारीला सारखाच अधिकार आहे. त्यांना द्यायचाच असेल तर त्यांच्या कातडीच्या, कमरेच्या, डोळ्यांच्या भल्याचा सल्ला द्यावा. बाकीचा आधी आजोबांना देऊन पाहावा.