वाटेवरचा समेट

(उत्पत्ति 13:5-12, मत्तय 5:25)



अब्राम व लोट ह्यांच्या गुराख्यांत तंटा लागला तो चराईवरून. गुरें फार आणि रान थोडें. आपल्या गांवच्या बांधाच्या भांडणांचें मूळ ह्याहून निराळें नसतें. अब्राम चुलता, वडील माणूस. पहिली निवड त्याची. परंतु त्यानें ती पुतण्यास दिली. लोटानें पाण्याचा हिरवा प्रदेश घेतला, तरी अब्रामानें कुरकुर केल्याचें लिहिलेलें नाहीं.

आतां आपल्या मंडळींतील दोघे भाऊ घेऊं. बांध हातभर सरकला, असें एक म्हणतो. तो मूळचाच तेथें आहे, असें दुसरा. दावा पडतो. मग वकील, मोजणी, तारखांमागून तारखा, आणि शेवटीं अपील. जमीन हातभर, खर्च एकराचा. रविवारीं एक डाव्या भिंतीशीं बसतो, दुसरा उजव्या. प्रभुभोजनाच्या वेळीं आम्ही पाळक मान खालीं घालतों.

प्रभूनें वाद्याशीं समेट करावयास सांगितलें तें वाटेवर असतांना. आजच्या कायद्यानें ती वाट कोर्टाच्या दारापुढेंही नेली आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 प्रमाणें 2002 सालापासून न्यायाधीश चालू दाव्यांतील पक्षकारांस मध्यस्थाकडे किंवा लोकअदालतीकडे पाठवूं शकतो. 1987 च्या विधि सेवा कायद्यान्वयें लोकअदालतींतील तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्याप्रमाणेंच मानली जाते. तीवर अपील नाहीं, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. तालुक्याच्या विधि सेवा समितीकडे चौकशी करावी.

उपदेशक बंधूंनो, येथें तुम्हांस एक सांगणें आहे. पंच निवाडा देतो. मध्यस्थ देत नाहीं. तो प्रत्येकाचें एकांतांत ऐकतो, ऐकलेलें पोटांत ठेवतो, आणि तोडगा त्या दोघांच्याच तोंडून येऊं देतो. आपल्याला मात्र दोन शब्द ऐकले कीं निकाल सांगण्याची घाई होते. (आम्हीही ह्यांत चुकलों आहों.) मंडळींत कोणी शहाणा नाहीं काय, असें पौलानें करिंथकरांस विचारलें, आपणच तो, असें समजून लगेच उठूं नये.

आणखी एक. बळकट व दुबळा एका चटईवर बसले म्हणून ते सारखे होत नाहींत. 1875 सालीं पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत कुळांनीं सावकारांचे दस्तऐवज जाळले. पुढें शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणासाठीं 1879 सालीं जो कायदा झाला, त्यांत सलोखा करणारे नेमण्याची तजवीज होती. ते नेमलेले असत तेथें शेतकऱ्यावर दावा लावण्यापूर्वीं त्यांचा दाखला लागे. इतकी सोय असली तरी दुबळ्याची भीति सोयीनें जात नाहीं. म्हणून कागद मोठ्यानें वाचून घेतल्याशिवाय कोणीही अंगठा उठवूं नये, समोर पाळक बसलेला असला तरीही. आणि जेथें घरांत बाईला मारहाण होत आहे, तेथें मंडळीच्या अब्रूसाठीं समेटाचें नांव घेऊन तिचें तोंड बंद करूं नये. कायद्यानें जे अपराध तडजोडीजोगे नाहींत, त्यांस लोकअदालतही हात लावीत नाहीं.

अब्राम व लोट वेगळे झाले. जमीन वांटली गेली, नातें मात्र राहिलें. पुढें शत्रूंनीं लोटास धरून नेलें, तेव्हां हें वर्तमान ऐकतांच अब्राम आपल्या घरचीं 318 माणसें घेऊन त्याच्या सुटकेसाठीं दानापर्यंत गेला.