कित्ता

‘कित्ता गिरविणे’ हा एकेकाळी आपल्याकडे गौरवाचा वाक्प्रचार होता. कलेच्या चर्चेत मात्र गिरविणाऱ्याजवळ स्वतःचे काही नाही असे सरसकट धरले जाते. हे कितपत खरे?

१८८७ साली पॅरिसमध्ये व्हिन्सेंट व्हॅन गॉगने हिरोशिगेच्या दोन मुद्राचित्रांच्या तैलरंगात प्रतिकृती केल्या. एकीत कामेइदोची फुललेली प्लमबाग आहे, दुसरीत शिन-ओहाशी पुलावर अकस्मात कोसळलेला पाऊस. बागेच्या चित्रासाठी त्याने पारदर्शी कागदावर चौकटी आखून रेषान् रेषा उतरवून घेतली. चौतिशीतल्या चित्रकाराचे हे शाळकरी काम!

पण १८५७ च्या त्या मुद्राचित्रातील पाऊस म्हणजे लाकडी ठशात कोरलेल्या केसासारख्या रेषा. कुंचल्याला ती धार यायची नाही. त्यामुळे पाऊस गिरविताना त्याला तो नव्याने रंगवावाच लागला; नदीचे पाणी त्याच्या हातून दाट आणि अस्वस्थ उतरले.

शिवाय मूळ तरी कोणते? हिरोशिगेचे रेखाटन फळीवर पालथे चिकटवीत आणि कोरताना ते नष्ट होई. कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा. आकाशातील काळोखाची उतरती छटा छापणारा प्रत्येक प्रतीसाठी फळीवरचा रंग हाताने पुसून साधी. जे मूळ म्हणून आपण जपतो, तेही अनेक हातांनी गिरविलेलेच. तेव्हा ऋण उघडपणे मान्य करणाऱ्या प्रतिकृतीला चोरी म्हणणे मला पटत नाही.

मला खटकते ते निराळेच. कॅनव्हासच्या कडेला उरलेल्या जागेत व्हॅन गॉगने इतर मुद्राचित्रांतली जपानी अक्षरे उतरविली. ती त्याला वाचता येत नव्हती. झाडाची फांदी अर्थ न कळता गिरविता येते, किंबहुना तसेच पाहावे लागते; अक्षर मात्र कोणी तरी कोणाला तरी काही सांगण्यासाठी लिहिलेले असते. त्याची वेलबुट्टी केली की सांगणाऱ्याचे तोंड बंद होते. (पूर्वजांचे मोडी कागद न वाचताच चौकटीत घालून दिवाणखान्यात टांगणाऱ्या आपल्या घरांनी यावर फार हसू नये.)

१८८८ च्या फेब्रुवारीत तो आर्ल्सला गेला. त्या वसंतात त्याने बहरलेल्या फळबागा रंगविल्या, कालव्यावरचा लांग्लवा पूल आणि काठी धुणे धुणाऱ्या बाया रंगविल्या. समोर आता मुद्राचित्र नव्हते, आणि कडेला अक्षरेही नव्हती.