श्रमाचा हक्क आणि सर्वांची जागा

गेल्या उन्हाळ्यांत माझ्या एका विद्यार्थ्यानें मला एक चित्रफीत दाखविली. अमेरिकेंतील पोर्टलंड शहरीं बर्नसाइड नांवाचा पूल आहे. त्याच्या पूर्वेकडील टोकाखालीं १९९० सालीं कांहीं तरुणांनीं कोणाचीही परवानगी न घेतां सिमेंट कालवून भिंतीच्या पायथ्याशीं एक वळणदार चढण बांधली, आणि चाकांच्या फळीवर उभें राहून तिजवरून वर जावयाचें व वेगानें खालीं यावयाचें, असा आपला खेळ तेथें मांडला. या फळीस स्केटबोर्ड व अशा क्रीडास्थानास स्केटपार्क म्हणतात. एका चढणीशेजारीं दुसरी, असें करीत बांधकाम वाढत गेलें. पूर्वीं त्या पुलाखालीं भल्या माणसानें पाऊल टाकूं नये अशी स्थिति होती. ती पालटली, म्हणून आसपासचे व्यावसायिक मुलांच्या बाजूचे झाले, आणि पुढें नगराच्या अधिकाऱ्यांनींही त्या कामास मान्यता दिली. "सर, यांत चूक कोणाची?" असें विद्यार्थ्यानें विचारलें. त्याचा रोख मला कळला. मोकळ्या जागा आमच्या हिंगोलीसही आहेत.

"जागा परक्याची, म्हणून चूक" हें सरळ उत्तर मला पटेना. नगराची जागा नगरांतील मुलांस परकी कशी? एकत्र कुटुंबांतील एका भावानें सामाईक अंगणांत स्वतःच्या हातांनीं ओटा घातला, तर त्यास कोणी चोर म्हणणार नाहीं. तथापि इतरांस न विचारतां घातला, एवढा दोष त्याजकडे राहतोच, आणि ओटा चांगला साधला म्हणून तो दोष जातो असेंही नाहीं. त्या अंगणांत वाळवण घालणाऱ्या भावजयीचें म्हणणें कोणीं ऐकून घेतलें? परवानगी म्हणजे केवळ कारकुनाचा शिक्का नव्हे. जे त्या वेळीं हजर नाहींत त्यांच्या वतीनें कोणी तरी विचार केला, याची ती खूण होय. ती खूण पुष्कळदां खोटी असते, ही गोष्ट निराळी.

विद्यार्थ्याचा पक्ष श्रमाचा होता : ज्यानें घाम गाळला त्याची ती वस्तु. हा पक्ष फार जुना आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत, ज्यानें खुंट तोडून रान साफ केलें त्याचें शेत, असा दृष्टान्त येतो. (येतो मात्र संतति कोणाची या वादांत, शेताविषयीं त्या काळीं कोणास शंकाच नसावी!) इंग्लंडांत जॉन लॉकनें १६८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या राज्यविषयक ग्रंथांत हीच कल्पना विस्तारानें मांडली, पण तिला एक अट जोडली. इतरांसाठीं तितकेंच आणि तितकेंच चांगलें शिल्लक उरलें पाहिजे. रानावनांत ही अट पाळतां येईल. गांवाच्या मध्यभागीं एकच मोकळी जागा असली, म्हणजे तशीच दुसरी कोठून आणावी? पंजाबांतील एका गांवच्या तळ्याच्या जागेवरील अतिक्रमणाचा वाद आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढें आला, तेव्हां २८ जानेवारी २०११ च्या निकालांत न्यायालयानें स्पष्ट सांगितलें कीं, दीर्घ काळाचा ताबा किंवा बांधकामावरील मोठा खर्च हीं अतिक्रमण कायम करण्याचीं कारणें होऊं शकत नाहींत. मात्र जागेवर अगोदरच शाळा, दवाखाना किंवा दुसरी सार्वजनिक सोय असेल, तर अपवाद करण्यास त्याच निकालानें वाव ठेवला. म्हणजे बांधणाऱ्यानें किती वेंचलें हें न्यायालयानें पाहिलें नाहीं. बांधलेल्याचा उपयोग कोणास होतो हें पाहिलें.

तरी श्रमाला कांहींच मोल नाहीं, असें मी म्हणणार नाहीं. स्केटबोर्डचें चाक लहान आणि कठीण असतें. वाटेंत एक खडा आला कीं तें अडतें, आणि वर उभा असलेला मुलगा पुढें फेकला जातो. म्हणून ती जमीन पुनःपुन्हां झाडावी लागते, तडा गेला कीं बुजवावा लागतो. चढण कोठें किती वळवावी हें ज्यांच्या तळपायांस कळतें तेच जाणतात; तें निविदेंत लिहितां येत नाहीं. असें स्थान पैशानें एकदां उभें करतां येईल, पण पुढें टिकतें तें राखणीवर. ही राखण करणाऱ्यांस कसलाच हक्क नाहीं म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. मग कोणता?

आपल्या धर्मशास्त्रांत याचें उत्तर तयार आहे, असें मला पूर्वीं वाटे. तळें किंवा विहीर बांधणाऱ्यानें तिचा उत्सर्ग करावयाचा, म्हणजे सर्व भूतांसाठीं तिजवरील आपलें स्वामित्व सोडावयाचें, असा विधि आहे. महामहोपाध्याय काणे यांनीं धर्मशास्त्राच्या इतिहासांत त्याचें विवेचन केलें आहे. उत्सर्गानंतर बांधणाराही पाणी पितो तें मालक म्हणून नव्हे, सर्वांपैकीं एक म्हणून. कल्पना उदात्त खरी. परंतु महाडच्या चवदार तळ्याची आठवण झाली कीं जीभ अडखळते. तें तळें सार्वजनिक होतें; तें अस्पृश्यांस खुलें असल्याचा ठराव १९२४ सालीं नगरपालिकेनेंच केला होता; तरी २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह तेथें जाऊन पाणी प्याले, तोंपर्यंत तो ठराव कागदावरच राहिला. त्यानंतर तळ्याची 'शुद्धि' झाली, तळें खाजगी असल्याचा आणि वहिवाट आपली असल्याचा दावा झाला, आणि अखेर १९३७ सालीं मुंबई हायकोर्टानें तो अमान्य केला. सर्व भूतांत कोण कोण येतात, हें तळ्याच्या कांठीं आधींपासून उभे असलेलेच ठरवीत होते.

हें मी दुसऱ्यांच्या पापाविषयीं बोलत नाहीं. १९८० च्या सुमाराची गोष्ट. हिंगोली तेव्हां परभणी जिल्ह्यांत होती. स्वतंत्र जिल्हा १९९९ सालीं झाला. आमच्या आळीमागें एक मोकळी सरकारी जागा होती, बाभळीच्या काट्यांनीं भरलेली. आम्ही दहाबारा मुलांनीं दिवाळीच्या सुटींत ती साफ केली, दगड वेंचले, कयाधूची रेती गाडींतून आणून पसरली आणि कबड्डीचें मैदान आंखलें. हात सोलले ते महिनाभर शाळेंत मिरविले. मग एके संध्याकाळीं पलीकडच्या वस्तींतील चार मुलें खेळावयास आलीं. त्यांस हांकलून देण्यांत मीच पुढें होतों, आणि माझें वाक्य होतें, "काटे आम्ही काढलेत." त्या वेळीं तें श्रमाचें वाक्य वाटलें. परंतु शेजारच्या आळींतील मुलें आलीं असतीं तर त्यांस आम्हीं आनंदानें घेतलें असतें, हें आम्हांस ठाऊक होतें. आणि हीं मुलें कोणत्या वस्तींतील, हेंही ठाऊक होतें.

तीनचार वर्षांनीं त्या जागेवर कोणीं एकानें पत्र्याची शेड उभी करून कुलूप घातलें. आम्ही तक्रार घेऊन गेलों. तेथील गृहस्थांनीं विचारलें, "जागा तुमची का?" "सगळ्यांची आहे," आम्ही म्हणालों. त्यांनीं आमच्याकडे एकवार पाहिलें. आम्ही सहाजण होतों, सहाही एकाच आळीचे.

हें सर्व मीं विद्यार्थ्यास सांगितलें. अर्ज कर, पण त्याआधीं जागेच्या चारी बाजूंस राहणाऱ्यांस विचार, असें म्हणालों. झाडण्याचा, डागडुजीचा, पाळी लावण्याचा, डोक्यास संरक्षक टोप नसेल त्यास फळीवर चढूं न देण्याचा हक्क बांधणाऱ्यांचा आहे. येणारा कोणाचा कोण हें विचारण्याचा नाहीं, असेंही म्हणालों. तो कांहीं वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, तक्रारीला जाताना त्या चार मुलांना बोलावलं होतं का तुम्ही?"

आम्हीं बोलावलें नव्हतें.