भरताचे पाडस आणि धर्मराजाचे कुत्रे

सज्जनहो, भूतदयेवर मी चाळीस वर्षे कीर्तन करीत आलो. नामदेवराय तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, ही कथा रंगली की श्रोते डोळे पुसतात, आणि खरे सांगायचे तर बुवांनाही बरे वाटते. पण दया सांगणे निराळे आणि करणे निराळे, हे मला उतारवयात एका कुत्र्याने शिकवले.

सन २०२३ च्या आषाढी वारीत एक पिवळे कुत्रे आमच्या दिंडीबरोबर चालू लागले. बरड सोडल्यावर नातेपुत्याच्या वाटेवर त्याला गाडीचा धक्का बसला. मागचे दोन्ही पाय गेले. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, "कण्याला मार आहे. जगेल, पण चालेल असे सांगवत नाही." दिंडीतला एक तरुण म्हणाला, "बुवा, थोडे दिवस तुमच्याकडे ठेवा, मग कुणीतरी नेईल." मी हो म्हटले. वारी होईतो ते डॉक्टरांपाशी राहिले. परतताना टेम्पोतून आमच्या ओसरीवर आले.

मग कळले, हो म्हणणे किती सोपे होते! त्याला आपणहून लघवी होत नसे. दिवसातून तीनदा ओटीपोट हलक्या हाताने दाबून ती काढायची. तुंबली की आत विकार होतो. एका कुशीवर पडून जखमा होतात, म्हणून कूस बदलायची, अंथरूण कोरडे ठेवायचे. पिसाळू नये म्हणून दरवर्षी लस. प्रसादातला बेदाणासुद्धा द्यायचा नाही. कुत्र्याचे मूत्रपिंड त्याने बिघडते. मी पाठशाळेत शिकलेला माणूस. कुत्रे शिवले की स्नान, हा आमचा संस्कार. पहिले आठ दिवस रोज तीनदा स्नान केले. नवव्या दिवशी साबणाने हात धुतले आणि जपाला बसलो. जप काही अडला नाही.

पुढे एका गावी जडभरताचे आख्यान लावले. कीर्तन संपल्यावर एक वृद्ध वारकरी जवळ येऊन म्हणाले, "महाराज, भरतराजा हरणाच्या पाडसापायी बुडाला म्हणता, अन् तुमच्या ओसरीवर कुत्रं! हे कसं?" प्रश्न चोख होता. त्या रात्री मला झोप आली नाही.

भागवताच्या पाचव्या स्कंधातली ही कथा. पाडस नदीतून वाहत चालले होते, भरताने ते उचलले. त्यात काय चुकले? काहीच नाही. वाहून जाऊ दिले असते तर ते तप कसले? चूक झाली ती पुढे. एकेक नेम सुटत गेला, आणि अंतकाळी डोळ्यांपुढे हरी नव्हता, पाडस होते. उलट महाप्रस्थानाच्या वाटेवर धर्मराजाने कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला. इंद्राने विचारले की भाऊ आणि द्रौपदी मागे टाकलीस, मग कुत्र्यावर एवढा जीव का? धर्मराजाचे उत्तर असे की ते मेले होते, त्यांना उठवणे माझ्या हाती नव्हते. हा जिवंत आहे आणि माझ्या आसऱ्याला आला आहे.

भरताच्या मनात 'हे माझे' बसले. धर्मराजाने आसऱ्याला आलेल्याचे हित पाहिले. जीव लावणे दोघांनीही केले, पण मोह आपले सुख शोधतो आणि दया त्या जिवाचे.

मग २०२४ ची आषाढी आली. नेम मोडून घरी बसावे तर भरत होतो; कुत्रे टाकून जावे तर धर्मराजाला तोंड कसे दाखवू? शेजारच्या मुलाला महिनाभर आधीपासून हाताशी घेऊन सारे शिकवले. त्याने चोख केले. माझी वारी झाली.

परतलो तेव्हा मळ्यावरचे एक कुटुंब कुत्रे कायमचे न्यायला तयार होते. सासू, सुना, पोरे. घर कधी रिकामे नाही. आमची मंडळी म्हणाली, "अहो, इतके दिवस केलं, आता परक्याला द्यायचं?" माझ्याही पोटात कालवले. पण माझे वय सदुसष्ट, कुत्रे तरणे. नीट राखले तर ते अजून कितीतरी वर्षे जगेल. माझ्यामागे त्याचे कोण? आठ दिवस त्या मंडळींना सारे शिकवले आणि कुत्रे दिले. त्या संध्याकाळी ओसरी भकास वाटली. क्षणभर वाटले, आपणच भरत! पण डोळ्यांत पाणी आले म्हणून मोह ठरत नाही. पाणी आले तरी त्याचे हित सुटले नाही ना, एवढेच पाहायचे.

असा अपंग, आजारी जीव घरी आणू म्हणणाऱ्याने आधी घरच्यांसमोर तीन गोष्टी बोलाव्या: औषधाचा पैसा कुठून, आपण वारीला गेलो तर हात कोणाचे, आणि आपल्यामागे कोण? उत्तरे नसतील तर थोडे दिवस ठेव म्हणून सांभाळावे आणि योग्य घर शोधून द्यावे. हेही पुण्य कमी नाही. ठेव पांडुरंगाची, ती त्याच्याच दुसऱ्या लेकराच्या हाती द्यायची.

हल्ली जडभरताचे आख्यान लावले की भरताने पाडस उचलले तिथे मी जरा थांबतो. पूर्वी ते वाक्य घाईने म्हणत असे.

रामकृष्ण हरि.