नाताळातले बिऱ्हाड

सणाचा आनंद घ्यायला घर लागते काय, असे एरवी कोणी विचारले असते तर आम्ही हसून सोडून दिले असते. नाताळ म्हणजे अंगणात गोठा, डब्यांत करंज्या आणि शेजारीपाजारी पाठवायची फराळाची ताटे, असे आमच्या वसईकडील धर्मग्रामांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. पण २०२२ साली आमच्या जुन्या कौलारू घराच्या जागी इमारत उभी करायचे ठरले आणि घर रिकामे करून देण्याची मुदत आली ती नेमकी २४ डिसेंबरची. मुदत वाढेल या आशेवर आम्ही आगमनकाळाचे चारही रविवार घालवले. ती वाढली नाही.

भाड्याची जागा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. दोघा हमालांनी सागवानी कपाट जिन्याच्या वळणावरून कसे वर नेले ते तेच जाणोत. त्यांना चहा द्यावा तर कप कोणत्या खोक्यात बांधले होते हे कोणालाच आठवेना. आई ट्रंकेवर बसून होती. लग्न होऊन ज्या उंबऱ्यात आली तो उंबरा सोडल्यापासून ती कोणाशी बोलली नव्हती. मध्यरात्रीच्या मिस्साला आम्ही गेलो खरे, पण चित्त लागेना. परतताना एकमेकांना म्हणालो, यंदा आपला नाताळ नाही असे समजू.

हा समंजसपणा आहे असे तेव्हा वाटले होते. पुढे विचार करता त्यात एक सूक्ष्म अहंकार दिसू लागला. घर सजवणारे आम्ही, ताटे भरणारे आम्ही, पाहुण्याला आग्रह करणारे आम्ही. आमच्या हातून काही होणार नसेल तर सणच नाही! दिवाळीत शेजाऱ्यांकडून ताटे येतात, नाताळात आमची जातात, आणि हिशेब कसा चोख राहतो. केवळ घेण्याची वेळ आमच्यावर कधी आलीच नव्हती.

ती नाताळच्या दुपारी आली. समोरच्या घरातील बाई दारात उभ्या होत्या, हातात झाकलेले ताट. वरणभात, वांग्याची भाजी, पोळ्या. "आज तुमचा मोठा सण ना? गॅससुद्धा जोडून झाला नसेल म्हणून आणलं," त्या म्हणाल्या. त्यांना आमचे नावही ठाऊक नव्हते. कशाला त्रास घेतलात, असे आम्ही तीनदा म्हणालो. भूक होती, पण तिच्याहून संकोच मोठा होता.

नाताळच्या नाटुकल्यांत दार लावून घेणारा धर्मशाळेचा मालक आपण हौसेने रंगवतो. आम्हीही बालपणी ती भूमिका वठवली आहे. लूकच्या शुभवर्तमानात मात्र असा मनुष्य नाही. त्यांना जागा मिळाली नाही, एवढेच तेथे आहे. आणि मत्तय सांगतो की मागी लोक बाळाच्या दर्शनाला आले ते एका घरात. दोघांची कथने निरनिराळी आहेत, ती ओढून एकत्र बांधू नयेत, हे अभ्यासकांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. तरी आपण सारे गव्हाण आणि मागी एकाच गोठ्यात मांडतोच. मग एवढे विचारायला हरकत नसावी की ते घर कोणाचे? कोणी दिले? शुभवर्तमान सांगत नाही. संत योसेफाच्या तोंडचा तर एक शब्दही चारही शुभवर्तमानांत नाही. स्वतःच्या हातांवर संसार चालवणारा तो कारागीर. मागींनी पुढे केलेले सोने घेताना त्याला काय वाटले असेल? परत करण्याजोगे त्याच्यापाशी काय होते? त्यानंतर तर रातोरात मिसर देशाकडे आणखी एक बिऱ्हाड.

धाकटीने गोठ्याचा हट्ट धरला. मूर्ती कोठे गेल्या होत्या देव जाणे. शेवटी तिनेच कपबशांचे खोके शोधून काढले, त्यातला भाताचा पेंढा भिंतीशी पसरला आणि आता बाळ यायचे आहे असे जाहीर केले. १२२३ साली ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने गव्हाण मांडली तेव्हा गवत होते, बैल आणि गाढव होते. ते ऐकून ती म्हणाली, मग आपले बरोबरच आहे. शिवाय नाताळ काही एका रात्रीत संपत नाही. त्या वर्षी प्रभूच्या स्नानसंस्काराचा सण ९ जानेवारीला होता, तोवर नाताळचाच काळ. त्या संध्याकाळी आम्ही पेंढ्याभोवती बसून पोट दुखेपर्यंत हसलो, आणि हसता हसता गप्प झालो, कारण आतल्या खोलीत आई जागी होती. दुःखी माणूस घरात असताना हसावे काय? हसलो नसतो तर तिचे दुःख हलके झाले असते, असे नाही. तरीही त्या हसण्याची टोचणी अजून पुरती गेलेली नाही.

ते ताट खोक्यावर घासून ठेवले होते. रिकामे ताट परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, ही आईची जन्माची शिस्त. दुकानातून केक आणून त्यात घालावा, असे आम्ही तिसऱ्या दिवशी सुचवले. "नको," आई म्हणाली. तिने पदर सारखा केला, ते ताट तसेच उचलले आणि समोरच्या दारी गेली. दिवेलागण झाली तरी परतली नव्हती.