सर्वांचे ते कोणाचे?



द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला आपण दर तीन वर्षांनी, संत मत्तयच्या वर्षी, रविवारच्या मिस्सेत ऐकतो. पहाटेपासून राबलेल्याला एक दिनार आणि दिवस मावळताना आलेल्यालाही एक दिनार. पहिले आलेले कुरकुर करतात, तेव्हा मालक त्यांना आठवण करून देतो की पैसा त्याचा स्वतःचा आहे. या दाखल्यावर प्रवचन होते ते देवाच्या उदारपणावर, आणि ते योग्यच आहे. आम्ही मात्र सोसायटीच्या कमिटीवर निवडून आल्यापासून मालकाच्या त्या उत्तरापाशीच अडतो. मालक उदार होऊ शकला, कारण पैसा त्याचा होता. ज्याच्या हाती चोवीस घरांचा पैसा आहे आणि त्यातला स्वतःचा वाटा एकाच घराचा आहे, त्याने काय करावे?

सोसायटी ज्यांनी कधी चालवली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आम्ही म्हणजे कमिटीचे पाच जण, त्यातली दोन घरे आपल्याच धर्मग्रामातली. चोवीस घरे, एक हौद, एक बोअर, एक मोटर, जिन्यातले दिवे, गच्ची आणि इमारतीमागची मोकळी जागा. त्या जागेत एक मोठा कडुनिंब, दोन गुलमोहोर आणि मुलांना खेळायला थोडी माती. आपल्या सोलापूरच्या रीतीप्रमाणे सभासदांत तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारे सगळे आहेत. सभेत वाद मराठीत सुरू होतो, रंगतो मात्र ज्याच्या त्याच्या भाषेत. इतिवृत्त पुन्हा मराठीत लिहिले जाते, म्हणून वहीत आमची सोसायटी फार शांत वाटते.

सहकाराने घर उभे करणे ही आपल्याला परकी गोष्ट नाही. मुंबईत वांद्र्याला १९१८ मध्ये आपल्याच धर्मबांधवांनी साल्सेट कॅथोलिक सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. इथे आपल्या शेजारी कुंभारीला विडी कामगार महिलांनी सहकारातून दहा हजार घरे उभारली, ती २००६ मध्ये त्यांना मिळाली. त्याच परिसरात रे नगरमध्ये असंघटित कामगारांच्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. घर मिळेपर्यंत माणसे किती एकजुटीने लढतात, हे सोलापूरने पाहिले आहे. घर मिळाल्यावर जिन्यातला दिवा कोणी बदलायचा, इथपासून दुसरा अध्याय सुरू होतो आणि त्याचे कोणी उद्घाटन करत नाही.

महिन्याच्या पैशाचे नियम ठरलेले आहेत. सेवाशुल्क सर्व घरांना सारखे, मग घर लहान असो की मोठे. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड पाव टक्का, निदान एवढा तरी. थकबाकीवर व्याज सभा ठरवील तेवढे, पण २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे ते वर्षाला २१ टक्क्यांहून जास्त नाही. सारखे शुल्क हा न्याय आहे, यात शंका नाही. जिन्यातला दिवा सर्वांनाच उजेड देतो. पण सारखी रक्कम म्हणजे सारखा भार नव्हे. मंदिराच्या दानपेटीसमोर बसून आपल्या प्रभूने नेमके हेच पाहिले आणि दोन नाणी टाकणाऱ्या विधवेकडे शिष्यांचे लक्ष वेधले.

आमच्या तळमजल्यावर अशा एक विधवा मावशी राहतात. त्या आपल्या धर्माच्या नाहीत. पती वारले, त्यांच्या मागे मिळणारे निवृत्तिवेतन तुटपुंजे, आणि मुलगा परगावी. तो पैसे पाठवी तेव्हा पाठवी. महिना सहाशे रुपये त्यांना जड जाऊ लागले आणि बघता बघता एकोणीस महिने थकले. अकरा हजार चारशे रुपये.

नेमके ते वर्ष २०१६ चे होते. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेले ते वर्ष. आपल्याकडे नळाला कित्येक दिवसांनी पाणी येत होते आणि येई तेही रात्री-अपरात्री. बोअर आटली. टँकर मागवावे लागले आणि प्रत्येक घराला जादा वर्गणी बसली. पाणी कमी झाले की मनेही आटतात. उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाच्या माणसांनी विहिरी खणल्या, तेव्हा पहिलीवरून भांडण झाले, दुसरीवरून वैर झाले, आणि त्या विहिरींना नावेही तीच पडली. आमच्याकडे हौद एकच, त्यामुळे दोन्ही नावे त्यालाच शोभली असती. कोणीतरी म्हणाले, जे पैसे भरत नाहीत त्यांचा नळ बंद करा. आम्ही ते साफ नाकारले. तहानलेल्याला पाणी देणे हे दयेचे कृत्य म्हणून आपण लहानपणी धर्मशिक्षणात पाठ केले आहे. शिवाय कायद्यानेही थकबाकी वसुलीची वाट ठरवून दिली आहे. त्या वेळी ती १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली उपनिबंधकांकडे वसुलीचा दाखला मागण्याची होती. २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळे प्रकरण आले, त्यातही वाट तशीच आहे. नळ तोडण्याची वाट तेव्हाही नव्हती.

इथपर्यंत आमचे काही चुकले असे आम्हाला आजही वाटत नाही. पुढे चुकले. कलम १०१ चा अर्ज तर आम्ही केला नाहीच, पण मावशींना नोटीसही दिली नाही. नोटीस बोर्डावर थकबाकीदारांची यादी लागे, तिच्यातून त्यांचे नाव गाळले. ताळेबंदात ती रक्कम ‘सभासदांकडून येणे’ या एका ओळीत इतरांच्या किरकोळ बाकीबरोबर मिसळून गेली. आमच्यापैकी कोणी कोणाला तसे स्पष्ट सांगितलेही नाही. आपोआप एकमत झाले. खरे सांगायचे तर रविवारी मिस्सेला येताना मनात थोडे समाधानही असे.

आता मोकळ्या जागेविषयी. तळमजल्यावरच्या दुसऱ्या एका सभासदाने आपल्या मागच्या खिडकीची लोखंडी जाळी दोन फूट पुढे आणली होती. आधी त्या जागेत कुंड्या आल्या, मग वॉशिंग मशीन, मग वर पत्रा. दोन फूट म्हणजे काय मोठे, असे त्याचे म्हणणे. दुसऱ्याने गुलमोहोराखाली वाळूचा ढीग टाकला, तो दोन पावसाळे तिथेच. कडुनिंबाच्या आळ्यात कोणी पाणी घालत नव्हते, पण सावलीत गाडी लावण्यावरून भांडण होई. अ‍ॅरिस्टॉटलने सुमारे दोन हजार तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे की जे सर्वाधिक लोकांचे असते त्याची काळजी सर्वांत कमी घेतली जाते. त्याने आमचे अंगण पाहिले नव्हते, तरी लिहिले बरोबर. संत थॉमस अक्वायनस यांनीही हे मान्य केले आहे. माणूस स्वतःच्या वस्तूची काळजी अधिक घेतो आणि ज्याचे त्याचे वेगळे असले म्हणजे शांतता राहते, म्हणून खाजगी मालकी असावी असे ते म्हणतात. पण लगेच पुढे असेही म्हणतात की वापराच्या बाबतीत माणसाने आपली वस्तू केवळ आपली मानू नये, गरजवंताला ती द्यायला तयार असावे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात एखादी इमारत, कारंजे किंवा चौक सांभाळण्यासाठी एकत्र येणाऱ्या साध्या माणसांची आवर्जून दखल घेतली आहे. राजकारणात उतरणे सर्वांना जमत नाही, पण हेही समाजाचेच काम आहे, असा त्यांचा भाव आहे. आम्हाला हे वाचून धीर आला होता. जाळीवाल्या सभासदाला आम्ही दोनदा पत्र दिले. त्याच्याविषयी आपापसात बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही.

सप्टेंबरात वार्षिक सभा झाली. जाळीवाले गृहस्थ ताळेबंदाची प्रत हातात घेऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारले, या ‘येणे’ रकमेत अकरा हजार कोणाचे आहेत आणि बोर्डावर ते नाव का नाही? माणूस आमच्या आवडीचा नव्हता. प्रश्न बरोबर होता. आम्ही गप्प बसलो. सांगावे तर चोवीस घरांसमोर एका विधवेची अब्रू जाते. न सांगावे तर ज्यांचा पैसा, त्यांच्यापासूनच हिशेब लपवला असे होते. सोसायटीची बुडीत रक्कमसुद्धा लेखापरीक्षकाने तपासल्याशिवाय आणि सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय सोडून देता येत नाही. आम्ही पाच जणांनी ती मनातल्या मनात सोडून दिली होती.

त्या क्षणी जे सुचले ते पचायला आम्हाला बराच काळ लागला. त्या गृहस्थाने सर्वांच्या जागेतले दोन फूट कोणाला न विचारता घेतले होते. आम्ही सर्वांच्या पैशातले अकरा हजार कोणाला न विचारता दिले होते. त्याने स्वतःसाठी घेतले, आम्ही गरजवंतासाठी दिले, हा फरक लहान नाही. देवाच्या दरबारी तो मोठाच असेल. पण सर्वांचे ते आपले समजण्याची चूक दोघांची एकच. आमच्या खिशातून मावशींचे सहाशे रुपये भरावे, असे त्या एकोणीस महिन्यांत आमच्यापैकी एकालाही सुचले नाही, हेही इथे लिहिलेच पाहिजे. दुसऱ्यांच्या पैशातली दया स्वस्त पडते.

संत लूकच्या शुभवर्तमानात एक कारभारी धन्याच्या ऋणकोंची देणी परस्पर कमी करून टाकतो आणि धनी त्याच्या चतुराईचे कौतुक करतो. त्या दाखल्याचा आधार घ्यावा असे आमच्यातल्या एकाला वाटले. पण तो कारभारी दया करत नव्हता, स्वतःची पुढची सोय पाहत होता. आम्हाला अधिक लागू पडतो तो प्रेषितांच्या कृत्यांमधला सहावा अध्याय. तिथेही विधवांचाच प्रश्न होता. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार अशी की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. प्रेषितांनी ती तक्रार झाकली नाही, स्वतःच्या अधिकारात मिटवलीही नाही. त्यांनी सर्वांना बोलावले आणि सर्वांनी मिळून सात माणसे निवडली. ख्रिस्तसभेची ही पहिली कमिटी म्हणायला हरकत नाही, आणि ती भांडणातूनच जन्मली.

सभेत पुढे काय झाले ते सांगतो. आम्ही गप्प होतो तेव्हा मावशी स्वतःच उभ्या राहिल्या. “माझे आहेत,” एवढेच म्हणाल्या आणि बसल्या. सभागृह शांत झाले. मग मागून एक यंत्रमाग कामगार सभासद उठले. ते रात्रपाळी करतात. त्यांनी विचारले, रात्री अडीचला नळाला पाणी येते तेव्हा मोटर कोण लावते?

कोणालाच उत्तर द्यावे लागले नाही. पती असताना ते काम ते करत. ते गेल्यावर मावशी करू लागल्या. हौद त्यांच्या दाराशी, व्हॉल्व्ह त्यांच्या खिडकीखाली. पाण्याचा आवाज झाला की त्या उठत, व्हॉल्व्ह फिरवत, हौद भरला की मोटर चालू करून गच्चीवरची टाकी भरेपर्यंत पायरीवर बसत. सकाळी चोवीस घरांत नळ सोडला की पाणी येई आणि ते कोणी भरले, हा प्रश्न कोणाला पडत नसे. आम्हा हिशेब ठेवणाऱ्यांनाही नाही. आमच्या वहीत त्यांच्या नावापुढे फक्त येणे होते. नळ तोडण्याची भाषा झाली ती याच मावशींच्या नळाविषयी.

एका सभासदाने सुचवले की मागची सगळी बाकी या कामात वळती करून घ्या. सभेला ते पटले असते, पण मावशींनी मानले नाही. न ठरवता केलेल्या कामाचे पैसे मागून घेणार नाही, म्हणाल्या. पुढच्या महिन्यापासून मोटरच्या कामाचे पाचशे रुपये सोसायटीने द्यावे असा ठराव झाला, तो त्यांनी स्वीकारला. जुनी बाकी हप्त्याहप्त्याने भरली, शेवटचा हप्ता २०१८ मध्ये. व्याज घेऊ नये, हे सभेने बहुमताने ठरवले. हात वर करणाऱ्यांत जाळीवाले गृहस्थही होते. काही सभासदांनी स्वखुशीने वेगळी मदतपेटी सुरू केली. तिचा हिशेब सोसायटीच्या वहीत येत नाही, कारण तो पैसा ज्याचा त्याने दिलेला आहे. पहिल्या वर्षी तिच्यात फारसे काही जमले नाही. अडचणीतल्या शेजाऱ्याचे नाव न घेता मदत कशी पोचवायची, हेही आम्हाला अजून नीट जमलेले नाही. पेटी उघडली की कोणासाठी, हा प्रश्न येतोच.

मोकळ्या जागेतली वाळू मुलांनीच एका सुट्टीत पसरवून टाकली आणि तिथे आता ती क्रिकेट खेळतात. कडुनिंबाला मोटर सोडताना पाणी घातले जाते. जाळी आहे तिथेच आहे. दर सभेच्या विषयपत्रिकेत ती असते आणि दर वेळी वेळेअभावी पुढे ढकलली जाते. तिसरे पत्र लिहायला बसलो की त्या सभेतला तो प्रश्न आठवतो आणि पहिलेच वाक्य कसे लिहावे ते सुचत नाही. पण पत्र लिहायचे आहे. या महिन्याच्या मीटिंगमध्ये तो विषय आम्ही सर्वांत वर घेतला आहे.